एका नावाची घसरण : 'मॉडलिन' ह्या शब्दाविषयी

इंग्रजी भाषेत 'मॉडलिन' असा एक शब्द आहे. रोजच्या बोलण्यात तो फारसा येत नाही. परंतु इंग्रजी नियतकालिकांतील ग्रंथपरीक्षणे आणि चित्रपटपरीक्षणे वाचण्याची ज्यांना सवय आहे त्यांच्या नजरेस तो अधूनमधून पडतो. एखाद्या कथेत अश्रूंचा अतिरेक झाला, प्रसंगाच्या वजनापेक्षा गहिवराचेच वजन जास्त झाले, की परीक्षक तिला 'मॉडलिन' म्हणतो आणि मोकळा होतो. ह्याच शब्दाचा दुसरा उपयोग मद्यप्यांविषयी आहे. पेला रिता झाल्यावर ज्याला अकारण भरून येते, जो शेजाऱ्याच्या गळ्यात पडून जुन्या मैत्रीची आण घेत हुंदके देतो, तोही 'मॉडलिन'. अशी माणसे आपल्याही लग्नमांडवांत आढळतात, पण त्यांच्यासाठी मराठीने एकच नेमका शब्द घडविलेला नाही. 'रडवा', 'भावविव्हळ', 'गळा काढणारा' ह्या प्रत्येकात त्या अर्थाचा थोडा थोडा अंश आहे.

हा शब्द म्हणजे मुळात एका संत स्त्रीचे नाव आहे, हे कळल्यावर मात्र ख्रिस्ती वाचकाने क्षणभर थांबावयास हवे. ते नाव मग्दालिया मरियेचे. पुनरुत्थित प्रभूचे प्रथम दर्शन जिला घडले, तिचे नाव दारूच्या गुत्त्यातील रडण्यासाठी कसे वापरले गेले, ह्याचा मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे. कारण हा केवळ कोशकारांचा विषय नाही. ह्या घसरणीत ख्रिस्तसभेचा, प्रवचनकारांचा आणि लेखकांचाही हात आहे. आणि म्हणून आमचाही आहे.

प्रथम शब्दाचा प्रवास पाहू. गालील सरोवराच्या पश्चिम तीरावर मग्दला नावाचे गाव होते. नावाचा मूळ अर्थ 'मनोरा'. सरोवरातील मासळी खारवून दूरदूर पाठविणारे जे गाव ग्रीक भाषेत 'तारिखेआ' म्हणून ओळखले जाई, ते हेच असे पुष्कळ अभ्यासक मानतात. २००९ साली तेथील उत्खननात पहिल्या शतकातील एक सभास्थान सापडले. त्या गावची मरिया म्हणून ती 'मग्दालिया मरिया'. लॅटिन भाषेत 'माग्दालेना', फ्रेंचमध्ये 'मादलेन' आणि मध्ययुगीन इंग्रजीत 'मॉडलेन' असे रूप होत होत मधला 'ग' जिभेवरून नाहीसा झाला. ऑक्सफर्ड येथे १४५८ साली स्थापन झालेले आणि केंब्रिज येथे १५४२ साली पुनःस्थापित झालेले अशी दोन महाविद्यालये ह्या संतेच्या नावाने आजही नांदत आहेत. लिहिताना त्यांच्या नावात 'ग' कायम असतो, उच्चार मात्र 'मॉडलिन' असाच होतो. म्हणजे एकाच उच्चाराचे दोन शब्द इंग्रजीत शेजारी शेजारी राहतात. एक विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर आणि दुसरा गुत्त्याच्या बाकावर.

पवित्र नावांची अशी गत होणे ही काही एकट्या मग्दालियेची कहाणी नाही. एली येथील मठाधिपतीण संत ऑड्री ६७९ साली निवर्तली. तिच्या जत्रेत विकल्या जाणाऱ्या रेशमी गळफितींवरून पुढे 'टॉड्री', म्हणजे भडक आणि हलक्या प्रतीचे, असा शब्द झाला. निष्कलंक गर्भसंभवाच्या सत्याची पाठराखण करणारा थोर ईशज्ञानी डन्स स्कोटस १३०८ साली वारला. सोळाव्या शतकातील नवविद्येच्या अभिमान्यांनी त्याच्या अनुयायांची टर उडविली, आणि 'डन्स' म्हणजे मठ्ठ विद्यार्थी असा अर्थ रूढ झाला. त्याच स्कोटसला पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९३ साली 'धन्य' म्हणून गौरविले. लंडन येथे १२४७ साली बेथलेहेमच्या नावाने स्थापन झालेल्या मठाचे पुढे वेड्यांचे इस्पितळ झाले. त्यावरून 'बेडलम' म्हणजे गोंधळ. आपल्याकडेही हे घडले आहे. सम्राट अशोकाचे 'देवानांप्रिय' हे बिरुद पुढील काळातील संस्कृत पंडितांनी मूर्ख माणसासाठी वापरले. आणि त्याच्या शिलालेखांत केवळ 'संप्रदाय' ह्या अर्थाने आलेला शब्द आज 'पाखंड' होऊन शिवीसारखा वापरला जातो.

तेव्हा शब्द घसरतात ह्यात नवल नाही. प्रश्न असा की, एखाद्या व्यक्तीचे नाव उचलताना भाषा तिच्या आयुष्यातील नेमके काय उचलते? मग्दालियेच्या बाबतीत इंग्रजीने तिचे अश्रू उचलले. ते अश्रू कोणते होते, हे आता शुभवर्तमानातच पाहिले पाहिजे.

लूक सांगतो की, तिच्यातून सात भुते निघाली होती आणि ती इतर स्त्रियांसह आपल्या पदरचे खर्चून येशूची व त्याच्या शिष्यांची सेवा करीत असे. चारही शुभवर्तमाने तिला प्रभूच्या मरणाची व रिकाम्या कबरेची साक्षीदार म्हणून नावानिशी उभी करतात. ती पापी होती, व्यभिचारिणी होती, असे एकही शुभवर्तमानकार लिहीत नाही. तिच्या अश्रूंचा उल्लेख एकदाच येतो, योहानाच्या विसाव्या अध्यायात. पहाटेच्या अंधारात ती कबरेबाहेर उभी राहून रडत आहे. देवदूत तिला रडण्याचे कारण विचारतात, मागाहून प्रभूही तेच विचारतो. तिचे उत्तर स्वतःविषयी नाहीच. प्रभूचे शरीर कोठे नेऊन ठेवले एवढाच तिचा ध्यास आहे. प्रभू तिला नावाने हाक मारतो, ती त्याला ओळखते, आणि लगेच तिच्यावर निरोप पोहोचविण्याची कामगिरी सोपविली जाते. ह्यानंतर योहान तिच्या अश्रूंविषयी बोलत नाही. ती धावत शिष्यांकडे गेलेली असते.

मग पश्चात्तापाने प्रभूचे पाय आसवांनी भिजविणारी ती स्त्री कोण? ती लूकच्या सातव्या अध्यायातील आहे, आणि तिला नाव नाही. बेथानीस प्रभूला सुगंधी तेलाचा अभ्यंग करणारी मरिया, लाजरसची बहीण, ही तिसरी. ह्या तिघींना एका व्यक्तीत गोवण्याचे श्रेय वा दोष मुख्यतः थोर पोप ग्रेगरी ह्यांच्याकडे जातो. ५९१ सालच्या सुमारास रोममध्ये दिलेल्या एका प्रवचनात त्यांनी तिघी एकच असल्याचे सांगितले आणि सात भुते म्हणजे सारे दुर्गुण असा अर्थ लावला. त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, त्या वेळी रोम नुकतेच महामारीतून निघाले होते. आदल्याच वर्षी त्यांचे पूर्वाधिकारी पोप पेलाजियस दुसरे त्याच साथीत दगावले होते. खचलेल्या लोकांना, कोणताही पापी निराश होऊ नये, असे एक जिवंत उदाहरण त्यांना द्यावयाचे होते. हेतू मेंढपाळाचा होता. पण पूर्वेकडील ख्रिस्तसभेने तिघींना वेगळेच ठेवले आणि पश्चिमेकडे मात्र एका अनामिक स्त्रीचे पाप मग्दालियेच्या नावावर जमा झाले.

पुढील हजार वर्षे चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी ही जमा वाढवीत नेली. मोकळे केस, हाती तेलाची कुपी आणि वर लागलेले पाणावलेले डोळे, एवढ्यावरून मग्दालिया ओळखता येऊ लागली. डोनातेल्लोच्या काष्ठशिल्पात तपाने झिजलेली म्हातारी आहे, तर तिशियनच्या चित्रात सुंदर देह आणि सुंदर अश्रू आहेत. निरोप घेऊन धावणारी मग्दालिया मात्र त्या मानाने कमी वेळा रंगविली गेली. धावणाऱ्या बाईपेक्षा रडणारी बाई पाहणाऱ्याला अधिक आवडते की काय, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासावे.

आता साहित्याच्या इतिहासातील एक योगायोग पाहू. ग्रेगरी ह्यांच्या प्रवचनानंतर बरोबर हजार वर्षांनी, १५९१ साली, लंडनमध्ये मग्दालियेच्या कबरेवरील अश्रूंविषयी एक गद्य चिंतन प्रसिद्ध झाले. लेखक होता येशूसंघीय धर्मगुरू रॉबर्ट साउथवेल. कॅथलिक धर्मगुरूने इंग्लंडमध्ये पाऊल ठेवणे हाच तेव्हा देहदंडाचा गुन्हा होता. हे पुस्तक त्याने लपूनछपून सेवाकार्य करीत असताना लिहिले. पुढल्या वर्षी तो पकडला गेला, आणि १५९५ साली टायबर्न येथे त्याला ठार मारण्यात आले. १९७० साली ख्रिस्तसभेने त्याला संतपद दिले. आमच्या मते साउथवेलचे मोठेपण असे की, त्याने लूकचे अश्रू घेतले नाहीत, योहानाचे घेतले. त्याची मग्दालिया आपल्या पापासाठी रडत नाही, हरवलेल्या प्रिय प्रभूसाठी रडते. ज्या कॅथलिक कुटुंबांची मिस्सा हिरावली गेली होती आणि ज्यांचे धर्मगुरू फासावर जात होते, त्यांना ते रडणे स्वतःचे वाटले असल्यास नवल नाही.

आणि १५९२ साली त्याच लंडनमध्ये थॉमस नॅश नावाच्या तिखट लेखणीच्या लेखकाचे एक उपहासात्मक पुस्तक निघाले. त्यात त्याने दारुड्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. एक माकडासारखा नाचतो, एक सिंहासारखा डरकाळ्या फोडतो. कोणी डुकरासारखा, कोणी मेंढरासारखा, कोणी बोकडासारखा, तर कोणी कोल्ह्यासारखा. आणि ह्या पशूंच्या रांगेत पेल्यावर डोके ठेवून मायेने गळा काढणारा जो आहे, त्याला नॅशने 'मॉडलिन' म्हटले आहे. एकाच शहरात दोन वर्षांच्या आत तेच अश्रू एकाने प्रार्थना म्हणून लिहिले आणि दुसऱ्याने विनोद म्हणून. भाषेने पुढे विनोद जपला. नॅशने तो शब्द एकट्याने घडविला असे म्हणता येणार नाही. देवळांतील रडव्या मूर्ती आणि चित्रे लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाहिली होती. त्या परिचयातूनच हा विनोद उमजत होता. सतराव्या शतकात हळूहळू दारूचा संबंधही मागे पडला आणि उथळ, पाझरती भावनाशीलता असा व्यापक अर्थ उरला. आज तो शब्द वापरणाऱ्या अनेकांना त्यात एक संत दडली आहे ह्याची कल्पनाही नसते. फ्रेंच भाषेतही 'मादलेनसारखे रडणे' असा वाक्प्रचार आहे; पण त्याचा अर्थ धाय मोकलून रडणे एवढाच, आणि त्यात नाव अजून नावासारखे ओळखू येते.

येथे एक प्रश्न आम्हांला सतावतो. शुभवर्तमानात दुसराही एकजण रडला आहे. कोंबडा आरवल्यावर पेत्र बाहेर जाऊन अत्यंत दुःखाने रडला, हे आपण दरवर्षी दुःखसहनाच्या वाचनात ऐकतो. त्याचे पाप अनुमानाचे नाही, चारही शुभवर्तमानांत नोंदलेले आहे. पेत्राच्या अश्रूंवर एल ग्रेकोने चित्रे रंगविली, स्वतः साउथवेलने दीर्घ काव्य लिहिले. तरीही कोण्या रडव्या दारुड्याला इंग्रजीने पेत्राचे नाव दिले नाही. पेत्राचे नाव घेताच डोळ्यांपुढे किल्ल्या येतात, मग्दालियेचे नाव घेताच आसवे येतात. पुरुषाचे रडणे हा त्याच्या चरित्रातील एक प्रसंग ठरला आणि स्त्रीचे रडणे हेच तिचे चरित्र ठरले.

शब्द घसरल्याने कोणाचे काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांसाठी ह्या नावाच्या आणखी एका उपयोगाकडे लक्ष वेधतो. १७५८ साली लंडनमध्ये वेश्याव्यवसायातून बाहेर पडू इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी 'मॅग्डलेन' नावाचा आश्रम निघाला. १७६७ साली डब्लिनमध्ये तसाच दुसरा. आरंभ प्रॉटेस्टंट दानशूरांनी केला. पुढे आयर्लंडमध्ये अशा संस्था कॅथलिक धर्मभगिनींच्या संघांनी चालविल्या, आणि त्यांना 'मॅग्डलेन लाँड्री' असे नाव पडले. त्यांत केवळ वेश्या नव्हत्या. अविवाहित माता, अनाथ मुली, घरच्यांना नकोशा झालेल्या मुली तेथे ठेवल्या गेल्या आणि बिनपगारी कपडे धुण्याच्या कामाला लावल्या गेल्या. सरकारनियुक्त समितीने २०१३ साली दिलेल्या अहवालानुसार १९२२ पासून सुमारे दहा हजार स्त्रिया तेथून गेल्या. शेवटची लाँड्री १९९६ साली बंद झाली. १९ फेब्रुवारी २०१३ रोजी पंतप्रधान एंडा केनी ह्यांनी संसदेत ह्या स्त्रियांची क्षमा मागितली. ज्या स्त्रीविषयी शास्त्रात एकही पाप नोंदलेले नाही तिच्या नावाखाली, ज्यांतील कित्येकींनी काहीच अपराध केला नव्हता अशा मुलींना प्रायश्चित्त भोगावे लागले. हे लिहिताना धर्मगुरू म्हणून आमची मान खाली जाते.

ख्रिस्तसभेने ही चूक सुधारली आहे. १९६९ सालच्या सुधारित उपासना-पंचांगाने तिला लूकमधील पापी स्त्रीपासून वेगळे केले, आणि २२ जुलैच्या मिस्सेला योहानाचा विसावा अध्याय वाचला जाऊ लागला. ३ जून २०१६ रोजीच्या आदेशाने, पोप फ्रान्सिस ह्यांच्या इच्छेनुसार, तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या बरोबरीच्या सणाचा दर्जा मिळाला. संत थॉमस अक्वायनस ह्यांनीही वापरलेली 'प्रेषितांची प्रेषित' ही तिची जुनी पदवी त्या दिवसाच्या उपकारस्तुतीच्या शीर्षकात आली. उपासनेतील अक्षर असे बदलले. जिभेवरचे बदलले काय?

मराठीचा विचार करताना आम्हांला फादर थॉमस स्टीफन्स आठवतात. साउथवेलप्रमाणे तेही इंग्रज आणि येशूसंघीय. एकजण मायदेशी परतून हुतात्मा झाला. दुसऱ्याने १५७९ साली गोवा गाठला आणि १६१६ साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'ने मराठीला प्रभूचे चरित्र दिले. त्यांच्या मातृभाषेत ज्या काळात 'मॉडलिन' हा विनोद रुळत होता, त्याच काळात ते आमच्या भाषेत ओव्या रचीत होते. मराठीत मग्दालिया हे नाव नावच राहिले, त्याची थट्टा झाली नाही. ह्याचा अभिमान आम्ही बाळगत असू. तो एका प्रसंगाने उतरला.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात दुःखसहनाचे नाटक बसवीत होतो. संहिता आमचीच. मग्दालियेच्या भूमिकेसाठी गायनवृंदातील एका मुलीचे नाव पुढे आले. दुसऱ्या दिवशी तिचे वडील भेटावयास आले आणि संकोचत म्हणाले, "फादर, तिला दुसरी कुठली पण भूमिका द्या. त्या बाईची नको. लग्नाची मुलगी आहे." आम्ही त्यांची समजूत घालू लागलो, आणि बोलता बोलता हातातील संहितेकडे नजर गेली. पहिल्याच प्रवेशात आम्ही मग्दालियेला भडक वस्त्रांत आणून तिच्या तोंडी आपल्या पतनाचे लांबलचक स्वगत घातले होते. सेमिनरीत ह्या तिघी स्त्रियांमधला फरक आम्ही शिकलो होतो, परीक्षेत लिहिलाही होता. नाटक लिहिताना मात्र लेखणी जुन्याच वाटेने गेली, कारण रडणारी पतिता रंगमंचावर हमखास टाळ्या घेते. त्या गृहस्थांचे काहीच चुकले नव्हते. त्यांनी आमचीच संहिता खरी मानली होती. इंग्रजांनी नावाचे विशेषण केले, आम्ही नावाची भूमिका केली, एवढाच फरक.

म्हणून 'मॉडलिन' हा शब्द आम्हांला आमच्याच लेखनाला लावून पाहावासा वाटतो. आपली भक्तिगीते, प्रवचने, नाताळ अंकांतील कथा, मृत्युलेख ह्यांत अश्रू पुष्कळ असतात. अश्रू वाईट नाहीत. लाजरसच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला. पण रडण्याचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. एक रडणे गमावलेल्या दुसऱ्याला शोधते, हाक आली की थांबते आणि कामाला लागते. दुसरे स्वतःकडेच पाहत राहते, स्वतःच्या कोमलतेवर संतुष्ट होते आणि कोठेच जात नाही. पहिले मग्दालियेचे, दुसरे 'मॉडलिन'. भाषेने नेमके उलटे केले. दुसऱ्याला पहिल्याचे नाव दिले.

ही निवड केवळ साहित्यापुरती नाही. धर्मग्रामाच्या कचेरीत कितीदा असे होते की, व्यसनी नवरा समोर बसून ढसाढसा रडतो, शपथा घेतो, आणि बायको कोरड्या डोळ्यांनी भिंतीकडे पाहत असते. आम्ही त्याच्या अश्रूंनी विरघळून तिलाच क्षमेचा उपदेश करून बसलो आहोत. तिचे रडून झालेले होते. आता तिला कोणीतरी शिष्यांकडे पोहोचविण्याजोगा निरोप समजून तिचे म्हणणे ऐकावयास हवे होते. शिष्यांनीही प्रथम स्त्रियांच्या बोलण्याला बडबड मानले, हे लूकने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे.

इंग्रजी कोशातील अर्थ आपल्याला बदलता येणार नाही. आपल्या संहिता बदलता येतात. आम्ही ते स्वगत काढून टाकले आणि नाटकाच्या अखेरीस पहाटेचा प्रवेश जोडला. भूमिका त्याच मुलीने केली. तिचे वडील पहिल्या रांगेत बसले होते. प्रवेशात ती रडली, अगदी थोडे. मग नावाची हाक आली, ती वळली, आणि निरोप सांगण्यासाठी प्रेक्षकांच्या मधून धावत गेली.